गावात दुकान नसताना गिटारचा आणि बासचा पिक कसा निवडावा

आमच्या गावात गिटारची तार मिळत नाही, पिक, म्हणजे तारा छेडायचा तो छोटा तुकडा, तर लांबच. दारव्हा तालुक्यातलं गाव आहे. यवतमाळला गेलं तर दोन-चार प्रकार दिसतात, आणि हातात धरून, वाजवून घ्यायचं म्हटलं तर नागपूर, म्हणजे एसटीत अख्खा दिवस. म्हणून इकडे बहुतेक पोरं गिटारच्या बॅगेत जो पिक निघतो तोच वर्षानुवर्षं वापरतात. मीही तेच केलं. सेकंडहँड गिटारच्या खिशात एक पातळ निळा पिक होता. तार छेडली की आधी प्लास्टिकचा चट्ट असा आवाज यायचा आणि त्यामागून सूर. दोन वर्षं मला वाटत होतं की गिटारच हलकी आहे.

मग १४ एप्रिलच्या कार्यक्रमाची तालीम सुरू असताना गायन पार्टीतल्या बेंजोवाल्या काकांनी स्वतःचा पिक माझ्या हातात ठेवला. छोटासा, कडक, वापरून गुळगुळीत झालेला. म्हणाले, "हा घे अन् वाजवून पाह्य. अन् तार ओरबाडू नोको, हळूच हालव." त्याच गिटारमधून भरीव, स्वच्छ सूर निघाला. त्या रात्री मला झोप आली नाही. पुढे उत्साहात मी मिळेल तो सगळ्यात जाड पिक मागवला आणि ऐन स्टेजवर, दुसऱ्याच गाण्यात, सगळ्यात बारीक तार तोडून घेतली. मला हे कळायला तीन वर्षं लागली. तुम्हाला एक रविवार पुरेल, म्हणून हे लिहितोय.

एक बारीक गोष्ट आधीच सांगतो. मोबाइलवर शोधताना नुसतं "पिक" टाकलं की सोयाबीन आणि कापूस समोर येतो. "गिटार पिक" असं पूर्ण टाका.

आधी हे गोळा करा

- मुदत संपलेली एटीएम कार्डं, किंवा सिम काढल्यावर उरतं ते मोठं कार्ड. मोबाइलच्या दुकानात मागितलं तर फुकट देतात. तीन तरी हवीत.
- आइस्क्रीमच्या किंवा श्रीखंडाच्या डब्याचं झाकण
- कात्री, छोटी कानस, ४०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर
- फेविक्विक
- बॉलपेन, आणि आवाज रेकॉर्ड करायला मोबाइल

१. गिटार कोणती आहे ते ओळखा

खालच्या तीन बारीक तारा बघा. त्या पारदर्शक प्लास्टिकसारख्या असतील तर ती नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे. ती बोटांनी आणि नखांनी वाजवायची. तिच्या लाकडावर सहसा पिकगार्ड, म्हणजे ओरखडे अडवणारी पट्टी, नसतो, त्यामुळे कडक पिकनं वाजवलं तर भोकाजवळ ओरखडे पडतात. अशा गिटारवर आवाज मोठा व्हावा म्हणून पोलादी तारा चढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पोलादी तारांचा ताण बराच जास्त असतो आणि त्यानं ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी, उखडतो. माझ्या ओळखीतली दोन वाद्यं अशीच गेली.

सहाही तारा धातूच्या असतील तर पिक घ्या. चारच तारा असतील, त्याही सुतळीसारख्या जाड, तर तो बास आहे. त्यासाठी थेट सातव्या पायरीवर गेलात तरी चालेल, पण दुसरी आणि तिसरी पायरी वाचून जा.

२. पैसे न घालवता तीन पिक घरीच करा

या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच. एटीएम कार्डाची जाडी जगभर ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. सिमचं मोठं कार्डही त्याच मापाचं. म्हणजे मध्यम जाडीचं एक खात्रीचं माप तुमच्या घरात आहे, आणि त्यासाठी नागपूरला जावं लागत नाही.

मित्राचा पिक कार्डावर ठेवून बॉलपेननं कड आखा. पिक नसेल तर साधारण अडीच सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर उंच, गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण काढा. एटीएम कार्ड असेल तर चिप आणि काळी पट्टी आधी कापून नष्ट करा. नंबर वाचता येईल असा तुकडा पिकवर ठेवू नका. कात्रीनं कापल्यावर कड कानशीनं घासा, मग ४०० चा पेपर, मग १००० चा. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर दोन मिनिटं कड रगडा. पेपर आणि कापड यांचा कंटाळा करू नका. कडेवर कात्रीचे दाते राहिले तर तार खरखरते आणि तुम्ही दोष जाडीला देता.

दुसरा पिक करताना कार्डाचे दोन तुकडे फेविक्विकनं चिकटवा. झाला दीड मिलिमीटरचा. तिसरा झाकणाच्या प्लास्टिकचा, तो पातळ.

हे पिक कार्यक्रमात वापरायचे नाहीत. कार्डाचं प्लास्टिक लवकर झिजतं आणि त्याचा आवाज थोडा मंद असतो. आपल्याला फक्त एवढंच बघायचंय की आपला हात कोणत्या जाडीकडे ओढला जातो.

३. आधी धरायला शिका, मग तुलना करा

कुलपात किल्ली फिरवताना जशी धरतो, तसा पिक धरायचा. तर्जनी वाकवा, तिच्या शेवटच्या पेराच्या कडेवर पिक ठेवा आणि वरून अंगठा टेकवा. टोक चार-पाच मिलिमीटरच बाहेर राहू द्या. नवीन पोरं अर्धा पिक बाहेर ठेवतात. मग तो तारांत अडकतो, फिरतो, हातातून उडतो, आणि पिक चांगला नाही असं ठरतं.

पिक तारेवर अगदी सपाट मारू नका. किंचित तिरपा केला की तो तारेवरून घसरून जातो. फार तिरपा केला तर मात्र जाड तारांवर खर्र खर्र आवाज येतो. मधली जागा पाच मिनिटांत सापडते.

पकड सैल हवी. पिक पडणार नाही इतकीच. मनगट मोकळं राहिलं तर तासभर वाजवूनही हात भरून येत नाही.

आता तीनही पिकनं एकच गोष्ट करा. आधी एक ठेका चार मिनिटं, मग एका तारेवर एखाद्या ओळखीच्या गाण्याची चाल. मोबाइल तीन फुटांवर ठेवून प्रत्येक वेळी रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. वाजवताना पिकचा चट्ट आवाज कानाजवळ जास्त जाणवतो. समोर बसलेल्याला काय ऐकू येतं ते रेकॉर्डिंगच सांगतं.

४. जाडीचे आकडे

पिकवर छापलेला आकडा मिलिमीटरमधला असतो. ०.४० ते ०.६० पातळ, ०.६० ते ०.८० मध्यम, ०.८० ते १.२० जाड आणि त्यापुढे अतिजाड. तीन मिलिमीटरपर्यंतचेही मिळतात.

यामागचं कारण समजलं की आकडे पाठ करायची गरज राहत नाही. पातळ पिक तारेवर आदळला की स्वतः वाकतो. तुम्ही जोरात मारलं तरी तो जोर वाकण्यात जिरतो आणि सहाही तारा साधारण सारख्या वाजतात. म्हणून नुसता ठेका धरायला नवीन माणसाला तो सोपा जातो. पण वाकून परत येताना तो फडफडतो, तोच तो चट्ट आवाज. जाड पिक वाकत नाही. हाताचा जोर सगळा तारेत जातो, सूर भरीव येतो, एकेक स्वर वेगानं काढता येतो. मात्र चूकही तितकीच मोठी ऐकू येते. नेहमीच्या लाइट, म्हणजे हलक्या तारांच्या, सेटमध्ये अकूस्टिकची सगळ्यात बारीक तार सुमारे ०.३० मिलिमीटर असते आणि सगळ्यात जाड १.३५. दीड-दोन मिलिमीटरच्या न वाकणाऱ्या पिकनं त्या ०.३० च्या तारेवर रागानं हात मारला तर ती तुटणारच. माझी तुटली ती अशीच. दोष पिकचा नव्हता, पातळ पिकची सवय झालेला माझा हात तेवढ्याच जोरानं चालत होता.

मी शिकवतो त्या पोरांना सांगतो ते असं. फक्त गाण्यामागे ठेका धरायचा असेल तर ०.६०. ठेकाही आणि मधे मधे चालीचे स्वरही असतील, जसे भजनात किंवा भीमगीतात लागतात, तर ०.७३ पासून सुरू करा आणि दोन-तीन महिन्यांनी ०.८८ हातात घ्या. मला स्वतःला ०.८८ च्या खाली आता वाजवता येत नाही. चालच वाजवायची असेल, इलेक्ट्रिक असेल, तर १ मिलिमीटर किंवा वर.

जाड पिक म्हणजे पुढच्या पातळीचा वादक, हा समज इकडे फार आहे. तो सोडा.

५. आकार आणि टोक

जाडीइतकंच टोक महत्त्वाचं आहे, पण त्याकडे कुणी बघत नाही.

दुकानात सगळ्यात जास्त दिसतो तो गोलसर कोपऱ्यांचा, एका बाजूला निमुळता आकार. त्याला ३५१ म्हणतात. कुठल्याही कामाला चालतो, पहिला पिक याच आकाराचा घ्या. त्याहून छोटा आणि टोकदार तो जॅझ आकार. डनलॉप कंपनीचा जॅझ थ्री हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला, १.३८ मिलिमीटरचा. तो चालीला अप्रतिम आहे, ठेक्याला अवघड, कारण धरायला जागाच कमी. मोठा त्रिकोणी पिक तिन्ही कोपऱ्यांनी वाजतो. एक टोक झिजलं की फिरवायचा. ज्यांची बोटं शेतकामानं जाड आणि राठ झाली आहेत त्यांना तो हातात चांगला बसतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

टोक जितकं अणकुचीदार, तितका सूर उजळ आणि रेखीव. जितकं गोल, तितका मऊ. आता तुमच्या ३५१ आकाराच्या पिकला उलटा धरा आणि वरच्या गोल खांद्यानं वाजवा. आवाज लगेच जाड आणि गोड होतो. नवा पिक घ्यायच्या आधी ही युक्ती करून बघा, कदाचित घ्यावाच लागणार नाही. गाणारा हळू आवाजाचा असेल तेव्हा मी हेच करतो.

६. कशाचा बनलेला आहे

सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा असतो, सतारीची मिजराब तारेची. गिटारचे जुने उत्तम पिक एके काळी समुद्री कासवाच्या कवचाचे करत. १९२२ मध्ये अमेरिकेत लुइजी डी'अँड्रियानं सेल्युलॉइडचे पिक कापून विकायला सुरुवात केली आणि ते स्वस्त, सगळ्यांच्या आवाक्यातले झाले. १९७० च्या दशकात त्या कासवाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते संरक्षित आहे. कुणी असली कासवाचा पिक म्हणून काही दाखवला तर हात लावू नका.

आज निवड मुख्यतः या चारांत होते.

सेल्युलॉइड: चमकदार, मोत्यासारख्या रंगाचे असतात ते. आवाज मोकळा आणि उजळ. लवकर झिजतात आणि भुरकन पेटतात. भजनाला बसल्यावर समईजवळ किंवा अगरबत्तीच्या पुड्यासोबत ठेवू नका.

नायलॉन: लवचीक, मऊ आवाजाचा, तुटत नाही. याच्यावर बहुधा उठावदार खडबडीत अक्षरं असतात, त्यामुळे पकड चांगली. नायलॉन ओल शोषतो, म्हणून पावसाळ्यात तो थोडा नरम लागतो. पिक खराब झाला असं समजू नका.

ॲसिटल: डनलॉपचा टॉर्टेक्स याच जातीचा. तो १९८१ मध्ये आला आणि त्यावरचं कासवाचं चित्र जुन्या कवचाची आठवण म्हणून आहे. पृष्ठभाग खडूसारखा कोरडा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, रात्री दहाला स्टेजवर उभं राहिलं तरी बोटांना घाम असतो. अशा वेळी गुळगुळीत पिक निसटतो, हा निसटत नाही. विदर्भातल्या नव्या वादकाला एकच प्रकार सांगायचा तर मी हा सांगेन.

अल्टेक्स: पिवळसर, कडक, फार टिकाऊ. त्याच जाडीत ॲसिटलपेक्षा कडक वाटतो आणि आवाजही जास्त उजळ.

धातूच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका. क्वीन बँडचे गिटारवादक ब्रायन मे जुन्या सहा पेन्सच्या नाण्यानं वाजवतात हे खरं आहे, पण आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, कडक असतात. ती तारा खातात.

घाम फारच येत असेल तर पिकच्या मधल्या भागावर दोन्ही बाजूंनी जाडाभरडा पॉलिश पेपर फिरवा, किंवा मधोमध छोटं भोक पाडा. अंगठ्याची कातडी त्यात रुतते आणि पिक हलत नाही. कडेला मात्र पेपर लागू देऊ नका.

७. बास वाजवणाऱ्यांसाठी

बासला बोटंच हवीत, पिक धरणारा कच्चा, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी पिकनं वाजवत आलेत. कॅरल के यांनी अमेरिकेतल्या स्टुडिओंत असंख्य गाण्यांचा बास पिकनं वाजवला, तोही तारांवर फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या जाड कापडाचा, तुकडा दाबून. त्यामुळे हे मनातून काढून टाका.

आमच्या भागात तर पिकला एक खास कारण आहे. बासच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर सुमारे ४१ हर्ट्झचा, गिटारच्या जाड तारेच्या बरोबर निम्मा. गावच्या कार्यक्रमात खांबाला बांधलेले कर्णे असतात आणि इतका खोल सूर ते देऊच शकत नाहीत. बोटांनी गोल, मऊ वाजवलेला बास मंडपाच्या शेवटी बसलेल्याला ऐकूच येत नाही. पिकनं वाजवला की तार सुटतानाचा जो ठोका निघतो तो कर्ण्यातूनही पोचतो, आणि गाणाऱ्याला लय सापडते. हे मला एका साउंडवाल्या दादानं सांगितलं आणि त्याच रात्री खरं ठरलं.

नेहमीच्या संचात बासची तार १.१४ ते २.६७ मिलिमीटर जाड असते. तिथे ०.५० चा पिक नुसता लवतो. एक मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि मोठा त्रिकोणी आकार घ्या, कारण तारेचा झटका मोठा असतो आणि छोटा पिक बोटांत फिरून जातो. मऊ आवाज हवा असेल तर फेल्टचा पिक मिळतो, पण तो झडतो आणि त्याचा भुसा तारांवर साचतो. तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर हलकी टेकवून वाजवा, सूर आखूड आणि नेमका येतो. हात टेकवून दुखत असेल तर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा पातळ तुकडा सरकवा.

घरी केलेला दीड मिलिमीटरचा जोडकार्डाचा पिक बासवर सरावाला चालतो. मी एकदा करवंटी घासूनही केला होता. दोन संध्याकाळी गेल्या, पण त्याचा आवाज अजून कानात आहे.

८. मागवताना

आता खरेदी. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, एकाच आकाराचे चार पिक घ्या: ०.६०, ०.७३, ०.८८ आणि १.००. सगळं सारखं आणि फक्त जाडी वेगळी असली तरच फरक कळतो. जाडी ठरली की तीच जाडी ठेवून आकार बदला. साहित्य सगळ्यात शेवटी. शंभर रंगीबेरंगी पिकची पिशवी घेतली तर यातलं काहीच कळत नाही.

हे सापळे टाळा:

- "मीडियम" किंवा "हेवी" एवढंच लिहिलंय आणि मिलिमीटर दिलेला नाही, तर सोडून द्या. एकाचा मीडियम दुसऱ्याचा हेवी असतो.
- रंगावर जाऊ नका. टॉर्टेक्समध्ये लाल ०.५०, नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.०० आणि जांभळा १.१४ असतो. दुसऱ्या कंपनीचा हिरवा काहीही असू शकतो.
- आपल्या गायन पार्टीतला बेंजो बटणांचा आणि तारांचा. ऑनलाइन "बँजो पिक" मागवला तर अमेरिकन बँजोसाठी बोटांत घालायच्या धातूच्या टोप्या येतात. बेंजोलाही साधा गिटार पिकच मागवा.
- एका पिकपेक्षा टपालखर्च जास्त होतो. दोन-तीन मित्रांनी मिळून, तारांच्या सेटसोबत मागवा.

नागपूरला जाणं झालंच तर स्वतःची गिटार सोबत न्या. दुकानातल्या गिटारवर गोड वाटलेला पिक घरी तसा वाटेलच असं नाही.

९. झीज आणि जपणूक

टोक झिजलं की बघा कुठल्या बाजूनं झिजलंय. एकच बाजू तिरपी कापल्यासारखी दिसत असेल तर तुम्ही पिक खूप तिरपा धरता. कडेवर बारीक दाते आले असतील तर १००० च्या पेपरवर घासून पुन्हा जीन्सवर रगडा. टोक गोल झालं आणि आवाज आवडत असेल तर टाकू नका. बेंजोवाल्या काकांचा पिक तसाच होता.

मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेखाली उन्हाळ्यात पिक ठेवू नका, वाकडे होतात. कार्यक्रमाला किमान तीन सोबत हवेत: एक हातात, एक शर्टाच्या खिशात, एक गिटारच्या डोक्याकडे तारांखाली खोचलेला.

आणि पिक गिटारच्या भोकात पडला तर गिटार तशीच उलटी करून जोरजोरानं हलवू नका. आधी सरळ धरून, हळूहळू तिरपी करत पिक भोकाच्या बरोबर खाली, मागच्या पाटीच्या मध्यावर आणा. मग तारा किंचित बाजूला सारून गिटार एका झटक्यात पालथी करा. तीन-चार प्रयत्नांत बाहेर येतो.